किनारा सफाईची तारीख ठरवण्याआधी भरतीचं कोष्टक उघडा: जहाज कंपनीतल्या नवख्या संयोजकांसाठी

जहाज कंपनीत ऑपरेशन्स किंवा क्रूइंगला (खलाशांच्या नेमणुकांच्या विभागात) नवीन लागलेल्या माणसाच्या टेबलावर लवकरच एक जादा काम येऊन पडतं: यंदाचा स्वयंसेवा उपक्रम, बहुधा किनारा सफाई. मार्पोल या सागरी प्रदूषणविरोधी कराराचं कचऱ्याबद्दलचं पाचवं परिशिष्ट, गार्बेज रेकॉर्ड बुक (जहाजावरच्या कचऱ्याची नोंदवही), पोर्ट स्टेटची (बंदर ज्या देशाचं त्याची) तपासणी हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून लिहितो. किनाऱ्यावर उतरल्यावर काय बिघडतं, ते मात्र यातलं काहीच शिकवत नाही.

सगळ्यात मोठा खड्डा तारखेचा. ऑफिस शनिवार सकाळी नऊ ही वेळ ठरवतं, बस सांगितली जाते, टी-शर्ट छापून येतात आणि भरतीचं कोष्टक कोणीच उघडत नाही. ज्या कंपनीत ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती खोल बुडतं ते) आणि भरती जुळवल्याशिवाय जहाज धक्क्याला लागत नाही, तिथेच हे होतं. भरतीला पोहोचलात तर पुळणच शिल्लक नसते. साठ माणसं बांधावर उभी राहतात आणि वरच्या झुडपांतल्या बाटल्या वेचून परत जातात.

हे नीट समजून घ्या. जिथे दिवसातून दोन भरत्या येतात, तिथे भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. आज शनिवारी सकाळी नऊला पूर्ण ओहोटी असेल, तर सात दिवसांत ती जवळजवळ सहा तास सरकते. म्हणजे पावसामुळे कार्यक्रम 'एक आठवडा पुढे' ढकललात, की बरोबर त्याच वेळी पाणी काठोकाठ असतं. ढकलायचाच असेल तर दोन आठवडे ढकला. तेव्हा ओहोटी पुन्हा साडेआठच्या आसपास येते. हा एक हिशेब पाठ केलात तरी अर्धी फजिती टळेल.

काम ओहोटी लागल्यावर सुरू करा. पूर्ण ओहोटीच्या अडीच तास आधी पहिलं पोतं उघडा आणि पाणी वळायच्या आत शेवटचं बांधा. पाणी चढतं तेव्हा ते सारख्या वेगाने चढत नाही: सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत एकूण चढाचा अर्धा भाग येतो. भरती-ओहोटीत 4 मीटरचा फरक असेल आणि किनारा 50 मीटरला 1 मीटर इतका सपाट असेल, तर त्या दोन तासांत पाणी 100 मीटर आत येतं. खडकाच्या टोकापलीकडे गेलेल्या गटाची वाट तेवढ्यात बंद होते. म्हणून प्रत्येक गटाला परतायची वेळ घड्याळात सांगा, 'पाणी दिसलं की या' असं सांगू नका. कोष्टक कुठल्या बंदराचं आहे आणि वेळ स्थानिक आहे की यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), हेही बघा. बंदर आणि शेजारच्या खाडीतला किनारा यांच्या वेळांत चांगलाच फरक पडू शकतो.

कचरा असतो तो भरतीने मागे सोडलेल्या रेषेवर. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ही रेषा सर्वांत वर जाते आणि पुढच्या उधाणापर्यंत पाणी तिला सहसा शिवत नाही. त्यामुळे उधाण ओसरल्यावर दोन-तीन दिवसांनी गेलात तर सर्वांत जास्त माल हाती लागतो. इंटरनॅशनल कोस्टल क्लीनअप हा 1986 पासून चालत आलेला उपक्रम सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी असतो. त्या दिवशी तुमच्या किनाऱ्यावर भलत्या वेळी भरती असेल तर बेधडक दुसरा दिवस घ्या.

बाकीची तयारी सोपी आहे, घाबरू नका. दहा माणसांमागे एक गटप्रमुख, प्रत्येक गटाला मोजून 100 मीटरचा पट्टा, दोघांत एक पोतं. पोतं दोन-तृतीयांशच भरा. ओल्या वाळूसकट भरलेलं पोतं उचलताना कंबर धरते, शिवाय वजनाचा आकडा खोटा ठरतो. हातमोजे नायट्रिलचा लेप दिलेले विणीचे घ्या. पातळ लॅटेक्सचे शिंपल्यावर फाटतात. सुया आणि काच चिमट्याने उचलून जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाका. गंजलेलं पिंप आणि मुदत संपलेला फ्लेअर (संकटात पेटवायची इशाऱ्याची नळी) यांना हात लावायचा नाही. लांबून खूण करा, माणसं हटवा, तटरक्षक दलाला किंवा पोलिसांना कळवा. वाळूत रुतलेलं जाळं ओढू नका, वर आलेला भाग बोथट टोकाच्या सुरीने कापा. समुद्री शेवाळाची रास तशीच राहू द्या, तिच्याखाली जीव असतात. कासवं अंडी घालतात त्या किनाऱ्यावर दाताळं आणि ट्रॅक्टर दोन्ही नकोत.

प्लास्टिकचे बारीक दाणे ही आपल्या धंद्याची खास घाण आहे. 2021 मध्ये कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल हे कंटेनर जहाज जळालं तेव्हा असेच दाणे किनाऱ्यावर थरांनी साचले. ते फावड्याने काढू नका. वरची एक-दोन सेंटिमीटर वाळू पाण्याच्या टबात टाका, तरंगणारे दाणे चाळणीने वेचा, वाळू जागेवर परत करा.

पोती कोण नेणार, हे आदल्या आठवड्यातच लेखी ठरवून घ्या. 'आपलं जहाज आहे, तिथे टाकू' हा विचार डोक्यातून काढून टाका. बाहेरचा कचरा जहाजावर चढवलात तर त्याचं उत्तर मास्तरला, म्हणजे जहाजाच्या कप्तानाला, द्यावं लागेल.

खलाशांना सामील करायचं असेल तर एमएलसी 2006 (खलाशांच्या कामाच्या अटींचा आंतरराष्ट्रीय करार) चे विश्रांतीचे तास आधी बघा: कुठल्याही 24 तासांत किमान 10, सात दिवसांत 77, आणि 10 तासांचे फार तर दोन तुकडे, त्यातला एक किमान 6 तासांचा. सफाईचे तीन तास 'विश्रांती' म्हणून लिहिणं मला मुळीच मान्य नाही. चीफ ऑफिसरने नावांची यादी लावली की ती स्वयंसेवा राहत नाही. कंटेनर जहाज धक्क्यावर जेमतेम एखादा दिवस असतं, त्या माणसाला झोप हवी असते. ड्राय डॉकमधला (दुरुस्तीसाठी कोरड्या गोदीत उभ्या जहाजावरचा) क्रू किंवा ऑफिसचे लोक न्या.

जुन्या वस्तू दान करण्याची कल्पना प्रत्येक बैठकीत निघते. बाद झालेली लाइफ जॅकेटं मच्छीमारांना देऊ नका, कधीच. त्यांची तरंगण्याची खात्री संपली म्हणूनच ती बाद झालेली असतात. ती कापूनच टाका. जहाजावरचं उरलेलं अन्नही उतरवून वाटता येत नाही, परदेशी प्रवासावरून आलेल्या अन्नाच्या कचऱ्यावर रोगप्रसाराच्या भीतीने कडक निर्बंध असतात. ब्लँकेटं, पुस्तकं, चालू अवस्थेतली हत्यारं चालतात, पण कस्टम्सला विचारून.

सफाईऐवजी खारफुटी लावायचं ठरलं तर फोटोचा मोह सर्वांत घातक. मोकळा चिखल दिसला की रोपं खोचायची, ही पद्धत बंद करा. खारफुटी साधारण सरासरी समुद्रपातळीपासून उधाणाच्या भरतीरेषेपर्यंतच जगते, खालच्या चिखलात ती बुडून मरते. तिथे आधीपासून एकही झाड का नाही, हा प्रश्न आधी विचारा. बहुतेकदा उत्तर एखादा बांध किंवा बुजलेली मोरी असतं. मोरी मोकळी केली की पाणी खेळतं आणि जवळ झाडं असतील तर बी आपसूक येतं. लावायचंच असेल तर कांदळाची शेंगेसारखी लांब बीजं तिसरा हिस्सा चिखलात जाईल इतकीच खोचा. किती लावली हे सांगण्यापेक्षा सहा महिन्यांनी आणि वर्षाने किती जगली ते मोजा. सगळं हातात तयार देणाऱ्या एजन्सीकडून हा हिशेब क्वचितच मिळतो. त्यापेक्षा त्याच खाडीत मासे धरणारा म्हातारा आणि तुमचा जुना बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम), या दोघांना सल्लागार म्हणून धरा. ते गोड बोलणार नाहीत, पण पाणी कुठवर येतं ते दाखवतील.

पैसा कमी असेल, माणसं चारच असतील, तरी खंत नको. बंदराच्या फाटकापासून गावापर्यंत खलाशांना नेणारी एक गाडी, आठवड्यातले ठरलेले दोन दिवस, एवढंही करता येतं. शोअर पास (बंदरात उतरायची परवानगी) हातात असून फाटकाबाहेर वाहन नाही म्हणून कित्येक जण उतरतच नाहीत. गाडीची वेळ एजंटमार्फत जहाज येण्याच्या आदल्या दिवशी मास्तरला कळवा आणि परतीची वेळ जहाज सुटण्याच्या किमान तीन तास आधीची ठेवा.