विंडोज ११ टाकलं आणि काटा कॉम्प्युटरशी बोलेना

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आमच्या भागातल्या दूध संस्थांनी भराभर विंडोज ११ टाकून घेतलं आणि मला पहाटेचे फोन सुरू झाले: “दादा, काट्यावर वजन दिसतंय, कॉम्प्युटरवर मात्र शून्य.” काटा बिघडलेला नसतो. भांडण असतं कॉम पोर्टच्या, म्हणजे विंडोज अशा यंत्राला बोलायला जी जागा देतं तिच्या, नंबराचं.

काटा आणि फॅट मशीन (दुधातली फॅट मोजणारं) यूएसबी-टू-सिरियल केबलने जोडलेले असतात. समजा, संकलनाचं सॉफ्टवेअर काटा कॉम ३ वर शोधतंय आणि फॅट मशीन कॉम ४ वर. अपग्रेडनंतर विंडोज कधी कधी त्यांना ७ आणि ८ देऊन टाकतं. ३ आणि ४ जुन्या नोंदींकडेच अडकतात, सातबाऱ्यावर मयताचं नाव राहावं तसे. सॉफ्टवेअरमध्ये नंबर बदलता येत असेल तर बदला आणि मोकळे व्हा. पण काही जुन्या सॉफ्टवेअरच्या यादीत चारच पोर्ट असतात.

मग सॉफ्टवेअर बंद करा. स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, ‘व्ह्यू’मधून ‘शो हिडन डिव्हायसेस’ निवडा. ‘पोर्ट्स’खाली काही नोंदी फिकट दिसतील. फिकट ३ आणि ४ वर राइट क्लिक करून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करा. ड्रायव्हरही (केबल चालवणारा छोटा प्रोग्रॅम) काढायचा का, असं विचारलं तर तिथे टिक करू नका. ठळक नोंदींना हात लावायचा नाही.

आता ७ काट्याचा की फॅट मशीनचा? काट्याची केबल उपसा. जी नोंद फिकी पडेल ती त्याची. केबल परत लावा, त्या नोंदीवर डबल क्लिक, ‘पोर्ट सेटिंग्ज’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’, आणि नंबर ३ करा. समोर ‘इन यूज’ दिसलं तरी, त्या नंबरावर दुसरं काही जोडलेलं नाही याची खात्री असेल, तर बेलाशक ‘येस’ म्हणा. फॅट मशीनला तसंच ४.

नोंदीवर पिवळा त्रिकोण दिसला तर दुखणं वेगळं. पीएल-२३०३ जातीची जुनी चिप असेल तर पोर्टच्या नावाच्या जागीच इंग्रजीत येतं, की ही २०१२ पासून बंद झाली आहे. ‘अपडेट ड्रायव्हर’मधून ‘लेट मी पिक’ घेऊन यादीतला जुना ड्रायव्हर निवडला की केबल बहुधा चालू होते. पण विंडोज अपडेट पुन्हा नवा चढवू शकतं. माझं ऐकाल तर सरळ एफटीडीआय चिपची केबल घ्या.

केबल आणि यूएसबीची खोबण, दोन्हींवर मार्करने ‘काटा’, ‘फॅट’ लिहून ठेवा. स्वस्त केबलच्या चिपला बहुतेक वेळा स्वतःचा सिरियल नंबर नसतो. साफसफाईत ती दुसऱ्या खोबणीत गेली, की विंडोज तिला नवीन समजून नवा नंबर देतं.

काहीच जमलं नाही तर परत विंडोज १० वर जायला ‘सेटिंग्ज’च्या ‘रिकव्हरी’मधलं ‘गो बॅक’ आहे, पण ते अपग्रेडनंतर १० दिवसच मिळतं. आणि हा सगळा उद्योग संध्याकाळचं संकलन उरकल्यावर करा. पहाटे रांग लागलेली असेल तर सचिवांनी सरळ वहीत लिहून घ्यावं.