घराची शैली ठरवण्याआधी: सातारा-सांगलीच्या घरांसाठी

सुताराला बोलावण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून काढा: घर कितव्या मजल्यावर आहे, भिंती कशाच्या आहेत (दगड-माती, वीट की आरसीसी) आणि दुपारचं ऊन कुठल्या खिडकीतून आत येतं. शैली यावर ठरवायची. मोबाईलमधले फोटो नंतर उघडा. प्रत्येक शैली कुठल्या तरी हवेतून आलेली असते आणि आपल्या दोन जिल्ह्यांत तीन हवा आहेत: पाटण-महाबळेश्वरकडे चार महिने ओल, माण-खटाव-जत-आटपाडीत धूळ आणि सांगलीच्या नदीकाठी पूर.

साताऱ्याच्या पेठांत, वाईत किंवा सांगलीच्या गावभागात जुनं घर असेल तर बाहेरून काही आणायची गरज नाही. सोपा, माजघर, कडीपाट (लाकडी कड्या-फळ्यांचं छत), कोनाडे ही आयती शैली आहे, फक्त ती बिघडवू नका. आणि बिघडते ती बहुतेक सिमेंटमुळे. दगड-मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून वर प्लॅस्टिक पेंट मारला की जोत्यातून चढणारी ओल आत कोंडते. तिच्याबरोबर क्षार वर येतात, लोणा लागतो, रंगाचे पापुद्रे सुटतात. पुट्टी भरून पुन्हा रंगवलं तरी पुढच्या पावसाळ्यात तेच. अशा भिंतीवरचं सिमेंट काढून ती एक उन्हाळा उघडी वाळू द्या. मग 1 भाग मुरवलेला चुना आणि 3 भाग चाळलेली वाळू असा गिलावा दोन थरांत करा, प्रत्येक थर 10 ते 12 मिमी. वर चुन्याची सफेदी. हाताला पांढरं लागू नये म्हणून तिच्यात थोडा डिंक घालतात.

कडीपाटाचं काम पॉलिशपासून सुरू करू नका. आधी कडीचं भिंतीत गेलेलं टोक स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. टोक सहज आत घुसलं तर कडी कुजली आहे किंवा वाळवीने पोखरली आहे, ती आधी बदलायची. जुना ऑइलपेंट कोरडा घासू नये, त्यात शिसं असू शकतं. पेंट रिमूव्हर लावून ओला खरवडा आणि मास्क लावा. लाकूड वाळलं की 80, 120 आणि 220 नंबरचा पॉलिश पेपर या क्रमाने, मग उकळलेल्या जवसाच्या तेलाचे पातळ दोन हात, मध्ये किमान एक दिवस. तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते आतल्या आत तापून आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवा किंवा अंगणात पसरून वाळवा.

फ्लॅटमध्ये वाडा आणायची हौस असेल तर खोटे खांब आणि चिकटवलेल्या तुळया टाळा. साडेनऊ फूट उंचीत छत डोक्यावर आल्यासारखं वाटतं. एक जुना सागवानी दिवाण आणि पितळेची दोन भांडी पुरतात.

इंडस्ट्रियल शैली न्यूयॉर्कच्या रिकाम्या गिरण्या-गोदामांत कलाकार राहायला लागले त्यातून आली: उघडी वीट, लोखंड, सिमेंटची जमीन. खरं सांगायचं तर सांगलीत नदीकाठच्या तळमजल्याला हीच सर्वांत शहाणी शैली. 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी 45 फूट आहे. अशा ठिकाणी एमडीएफचं (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचं) कपाट एका रात्रीत पुरीसारखं फुगतं. प्लायवर 710 चा, म्हणजे मरीन ग्रेडचा, शिक्का असला तरी चार दिवस गाळात राहिल्यावर सनमायका आणि कडा सुटतातच. म्हणून ओट्याखाली कडाप्प्याचे कप्पे आणि ॲल्युमिनियमची दारं करा. लोखंडी सांगाड्याला रेड ऑक्साइड प्रायमरचे दोन हात द्या. फर्निचर भिंतीला न ठोकता उचलता येईल असं ठेवा. स्विचबोर्ड शक्य तितका वर घ्या आणि तळमजल्याला वेगळी एमसीबी (वीज तोडणारा स्विच) लावा.

जमीन आयपीएसची, म्हणजे जागेवर ओतून घोटलेल्या सिमेंट काँक्रीटची, असेल तर जाडी 40 मिमी आणि काचपट्टीने केलेले चौकोन 4 फुटांपेक्षा मोठे नकोत. भेगा पडतात त्या मोठ्या चौकोनांमुळे, नाहीतर घाईने वाळल्यामुळे. एप्रिल-मेच्या उन्हात हे काम काढू नका आणि किमान आठवडाभर पाणी धरा. लाल रंग हवा तर ऑक्साइड सिमेंटच्या वजनाच्या दहा टक्क्यांपुढे नेऊ नये, ताकद कमी होते. उघड्या विटेचा मोह झाला तर तो आतल्या भिंतीपुरता ठेवा. पश्चिमेची भिंत पावसाचा मारा खाते, तिचा गिलावा काढायचा नाही. आपल्या भट्टीची वीट मऊ असते, भुकटी गळते, त्यामुळे दर्जा (विटांमधल्या सांधी) भरून वर पारदर्शक सीलर लागतोच.

स्कँडिनेव्हियन शैलीतल्या पांढऱ्याशुभ्र भिंती आल्या त्या तिकडच्या लांब हिवाळ्यामुळे, जेमतेम मिळणारा उजेड खोलीभर फिरावा म्हणून. विट्यात किंवा दहिवडीत दुपारी दोनला तोच पांढरा रंग डोळ्यांत घुसतो. ऑफव्हाइट घ्या, मॅट फिनिशमध्ये. उघड्या फळ्यांना तर माणदेशात हातच लावू नका, रोज पुसायची तयारी असेल तरच. पाइनच्या लाकडाला वाळवी पटकन लागते, सागवान घ्या.

मिनिमल म्हणजे सामान कमी, असा गैरसमज आहे. सामान तेवढंच असतं, फक्त दिसत नाही. वर्षाचं धान्य, पापड-कुरडयांचे डबे, गौरीचे मुखवटे, पाहुण्यांच्या गाद्या यांची यादी करा आणि एक अख्खी भिंत 24 इंच खोल बंद कपाटांना द्या. पाटणकडे कपाटाची पाठ भिंतीपासून इंचभर सुटी ठेवा, वर-खाली हवेला भोकं ठेवा. नाहीतर श्रावणात साड्यांना बुरशीचा वास येतो.

बोहो, म्हणजे रंगीत कापडं आणि हातकामाच्या वस्तूंची मोकळीढाकळी शैली, तिच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. माणदेशी घोंगडी, आजीची गोधडी आणि वेताच्या खुर्च्या एवढ्यावर ते सुंदर जमतं. घोंगडीला कसर लागते, वर्षातून दोनदा कडक उन्हात टाका.

फॉल्स सीलिंग कुठल्याच शैलीला सक्तीचं नाही. करायचंच तर चार ते सहा इंच खाली, पंख्याचा हूक मूळ स्लॅबमध्येच आणि दिवे 3000 केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे.

शैली मिसळायला हरकत नाही, पण जमीन, छत आणि दारांचं लाकूड घरभर एकच ठेवा. काम सुरू करण्याआधी जमिनीवर मास्किंग टेपने फर्निचर आखा: चालायला 3 फूट, सोफा आणि टीपॉयमध्ये 18 इंच, कपाटाचं दार पूर्ण उघडेल एवढी जागा. दोन दिवस त्या रेषांमधून वावरा. आणि प्लाय आला की प्रत्येक शीटवरचा शिक्का कापण्याआधी तपासा. तुकडे झाल्यावर तो शोधून सापडत नाही.