रीसेट मारण्याआधी सेल बघा

आमच्या परभणीकडं उन्हाळ्यात लाइट सारखी येते-जाते. मग सकाळी ऑफिसचा कम्प्युटर भलत्याच वर्षाची तारीख दाखवतो आणि वेबसाइट ‘सुरक्षित नाही’ म्हणत अडून बसतात. व्हायरस समजून लगेच रीसेट मारू नका, म्हणजे विंडोज नव्यानं टाकू नका. बहुतेकदा मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरचा) सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा गोल सेल संपलेला असतो; लाइट नसताना कम्प्युटरचं घड्याळ तोच चालू ठेवतो. प्लग काढून तो बदला, तारीख दुरुस्त करा.

रीसेट करायचंच असेल तर विंडोजच्या ‘कीप माय फाइल्स’ (माझ्या फायली ठेवा) या पर्यायावर विसंबू नका. डॉक्युमेंट्समधल्या फायली राहतात. पण हिशेबाचं टॅली, मराठी टायपिंगचं श्रीलिपी अशी नंतर टाकलेली सॉफ्टवेअर फाँटसकट उडतात आणि जुन्या फाँटमधले मराठी अर्ज गिचमिड दिसतात. टॅलीचा डेटा, फाँट आधी पेनड्राइव्हवर घ्या. आणि हो, सेल बदलताना प्लग काढलेला असतानाच ब्लोअरनं धूळ उडवलीत तर आतला पंखा बोटानं धरून ठेवा.