आवाज कसला ते नंतर, कधी येतो ते आधी

ट्रकच्या गिअरबॉक्सचं काम शिकायला आलेला नवखा आधी आवाजाला नाव द्यायला जातो. घरघर, खडखड, शीळ. यातून फारसं हाती लागत नाही, कारण एकच बेअरिंग सुरुवातीला बारीक शीळ घालतं आणि खराबी वाढली की घरघरायला लागतं. आवाज कधी सुरू होतो आणि कधी बंद पडतो, यावरून भाग सापडतो.

पहिली तपासणी उभ्या गाडीवर. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून ठोकळे, न्यूट्रल, इंजिन आयडलवर. क्लच पेडलवरचा पाय पूर्ण काढा. या अवस्थेत टॉप शाफ्ट (क्लचकडून इंजिनाचा जोर बॉक्समध्ये आणणारा) आणि त्याच्याशी दातांनी जुळलेला काउंटर शाफ्ट फिरत असतात, मेन शाफ्टवरचे (हा जोर चाकांकडे नेतो) गिअर त्याच्यावर मोकळे फिरत असतात, मेन शाफ्ट स्वतः मात्र उभा असतो. म्हणजे इथे घरघर असेल तर मेन शाफ्टच्या मागच्या बेअरिंगवर संशय घ्यायचं कारणच नाही.

आता पेडल सावकाश दाबत जा. मोकळी चाल संपली आणि त्याच क्षणी किरकिर सुरू झाली, तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं. पेडल तळाला गेलं, टॉप शाफ्ट मंदावत थांबला आणि घरघरही त्याच्याबरोबर मंदावत विझली, तर टॉप शाफ्टचं किंवा काउंटर शाफ्टचं बेअरिंग. शाफ्ट थांबल्यावरच चिरका आवाज येत असेल तर पायलट बेअरिंग, म्हणजे फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या मागच्या जड चाकाच्या) बाजूला टॉप शाफ्टचं टोक धरणारं. फ्लायव्हील फिरतंय आणि शाफ्ट उभा, हा फरक तेव्हाच सर्वात जास्त असतो. खात्री करायची तर पेडल दाबलेलंच ठेवून गिअर टाका, शाफ्ट जागच्या जागी अडकतो.

इथे एक फसवणूक ठरलेली. न्यूट्रलमध्ये खडखड, पेडल दाबलं की बंद. नवखा लगेच बॉक्स उतरवायच्या तयारीला लागतो. त्याआधी रेस थोडी चढवून आयडल 100-150 आरपीएमने वाढवा. खडखड गेली तर बेअरिंगचा संबंध बहुधा नाही. इंजिनाचे झटके क्लच प्लेटच्या डँपर स्प्रिंगांनी गिळायचे असतात. स्प्रिंगा बसल्या असतील, आयडल फार खाली असेल किंवा एखादा इंजेक्टर नीट मारत नसेल, तर ते झटके गिअरच्या दातांपर्यंत पोचतात. अशा वेळी उतरवलेला बॉक्स निर्दोष निघतो. खराब बेअरिंग रेस दिल्यावर गप्प होत नाही, त्याचा सूर चढतो.

गिअर टाकताना होणारी खर्रखर्रही बऱ्याचदा बॉक्सची नसते. पेडल दाबून दहा सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. एवढं थांबूनही खरडत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही.

चालत्या गाडीत प्रत्येक गिअर वेगळा ऐका. एकाच गिअरला आवाज असेल तर त्या जोडीचे दात किंवा त्या गिअरच्या आतलं बेअरिंग. सगळ्या गिअरना आवाज, पण डायरेक्टला जवळजवळ नाहीसा, तर काउंटर शाफ्ट; कारण डायरेक्टमध्ये जोर टॉप शाफ्टवरून सरळ मेन शाफ्टवर जातो आणि काउंटर शाफ्ट रिकामा फिरतो. डायरेक्ट म्हणजे वरचाच गिअर असं धरू नका. ओव्हरड्राइव्हच्या बॉक्समध्ये तो बहुधा त्याच्या एक खाली असतो. ज्याचं गुणोत्तर 1.00 आहे तो.

मोकळ्या, सपाट, सरळ रस्त्यावर 40 च्या वेगात क्षणभर न्यूट्रल करा. उतारावर हे करायचं नाही. इंजिन आयडलला आलं तरी आवाज चाकांच्या वेगाबरोबरच चालू राहिला, तर दोष मेन शाफ्टच्या मागच्या बेअरिंगपासून पुढे: प्रोपेलर शाफ्टचे (बॉक्सपासून मागच्या ॲक्सलकडे जाणारा दांडा) क्रॉस, सेंटर बेअरिंग, डिफरन्शियल, हब. ॲक्सिलरेटर दाबताना एक सूर आणि सोडताना दुसरा, तर डिफरन्शियलमधली क्राउन-पिनियन ही गिअरची जोडी बघा.

तुटलेल्या दाताची टकटक मोजता येते. समजा त्या गिअरचं गुणोत्तर 4 आहे आणि इंजिन 1200 वर. मेन शाफ्ट 300 ने फिरतो, म्हणजे त्यावरच्या गिअरचा दात तुटला असेल तर सेकंदाला 5 टकटक. काउंटर शाफ्ट टॉप शाफ्टच्या दीडपट हळू असेल तर त्याचे फेरे 800, सेकंदाला तेरा-एक. पाच बोटांवर मोजता येतात. तेरा कानाला सलग खर्र वाटतात.

आवाज कुठूनही येत असो, ऑइल बघितल्याशिवाय पाना लावू नका. गाडी सपाट जागी थोडा वेळ उभी ठेवून लेव्हल प्लग काढा. ऑइल भोकाच्या खालच्या काठाला अगदी लागून हवं. आत बोट घातल्यावर टोकाला लागलं म्हणजे पुरेसं आहे, ही समजूत बरेच बॉक्स खाते: लेव्हल उतरली की वरचं, टॉप शाफ्टचं बेअरिंग आधी कोरडं पडतं. जास्त भरलं तर फेस होतो, ऑइल तापतं. चुंबकाच्या ड्रेन प्लगवर करड्या रंगाचा मऊ लेप चालतो. नखाने उचलता येतील असे तुकडे निघाले तर दात किंवा बेअरिंग गेलंय. ऑइलमध्ये पिवळी चमक दिसली तर सिंक्रोनायझरच्या, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या पितळी रिंगा झिजताहेत.

आणि ड्रायव्हरला एक प्रश्न जरूर विचारा: गाडी अलीकडे ओढून आणली का? मागची चाकं जमिनीवर ठेवून, इंजिन बंद असताना ओढली तर मेन शाफ्ट फिरतो पण काउंटर शाफ्ट उभा राहतो, आणि बहुतेक बॉक्समध्ये ऑइल वर उडवायचं काम तोच करतो. अशा बॉक्सचे मेन शाफ्टवरचे गिअर जळून निळे पडलेले सापडतात. म्हणून ओढण्याआधी प्रोपेलर शाफ्ट सोडायचा किंवा ॲक्सल शाफ्ट काढायचे.