कच्चा माल महागला की ई-बाइकचा हिशेब कसा मांडावा

साधारण ५०० वॉट-अवरच्या ई-बाइक बॅटरीत निव्वळ लिथियम किती असतं? ५० ते ६० ग्रॅम, म्हणजे टेनिसच्या एका चेंडूच्या वजनाइतकं. तरीही कच्च्या मालाचे भाव भडकल्याची बातमी आली की लोकांच्या डोळ्यांसमोर आधी लिथियमच येतं. मग कुणी घाईघाईने गाडी बुक करतो, तर कुणी भाव उतरेपर्यंत थांबायचं ठरवतो.

भाववाढीचा फटका बसतो, यात शंका नाही. पण तो बऱ्याचदा वेगळ्याच वाटेने येतो. किंमतपत्रकावर थोडासा दिसतो आणि उरलेला गाडीच्या पोटात लपतो. हा लपलेला भाग जास्त महाग पडतो, म्हणून हा लेख. इथे ई-बाइक म्हणजे पेडल मारत चालवायची, मोटरची मदत मिळणारी सायकल. हिशेबाची पद्धत मात्र मोठ्या विजेवरच्या दुचाकीलाही लागू पडते.

पायरी १: गाडी आधी वजनावर मांडा

कागद घ्या आणि गाडीचे भाग किलोंमध्ये लिहून काढा. पूर्ण गाडी साधारण २० ते २५ किलोंची असते. त्यात बॅटरी अडीच ते साडेतीन किलो आणि मोटर तीन-चार किलो. फ्रेम, रिम, हँडल वगैरे मिळून चार-पाच किलो ॲल्युमिनियम धरा. उरलेलं वजन म्हणजे चेन, स्पोक, गिअर यांचं पोलाद, टायरचं रबर, प्लॅस्टिक आणि सीट.

मोटरच्या आत तांब्याच्या तारांची वेटोळी असतात. त्यांचं तांबं बहुधा एक किलोच्या आतच असतं. शिवाय निओडिमियम या धातूची चुंबकं असतात, तीही काहीशे ग्रॅमच. ही यादी करायला पाच मिनिटं लागतात, पण त्यानंतर कुठलीही बातमी वाचताना आपल्या गाडीत तो माल किती ग्रॅम आहे, हा प्रश्न आपोआप मनात येतो.

पायरी २: टनाचा भाव ग्रॅमवर आणा

बाजारातले भाव टनात सांगतात, म्हणून ते भीतीदायक वाटतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये चीनमध्ये लिथियम कार्बोनेटचा, म्हणजे लिथियम ज्या संयुगाच्या रूपात विकलं जातं त्याचा, भाव टनाला सहा लाख युआनच्या जवळ गेला होता. त्याच्या दोन वर्षं आधी तो चाळीस हजारांच्या आसपास होता. त्या शिखरावर किलोला अंदाजे ८० डॉलर पडत होते. आपल्या ५०० वॉट-अवरच्या बॅटरीला लिथियम कार्बोनेट लागतं साधारण ३०० ग्रॅम. म्हणजे भाव सर्वाधिक असतानाही एका गाडीतलं लिथियम २४-२५ डॉलरचं होतं. २०२३ संपेपर्यंत भाव एक लाख युआनच्या आसपास आला आणि तेच लिथियम चार-पाच डॉलरला मिळू लागलं. दोन टोकांतला फरक वीस डॉलर.

निकेलची गोष्ट आणखी बोलकी आहे. ८ मार्च २०२२ रोजी लंडन मेटल एक्स्चेंजवर निकेलने टनाला एक लाख डॉलरची पातळी ओलांडली. भाव पडतील यावर मोठी पैज लावलेल्यांची कोंडी झाली होती. अखेर एक्स्चेंजने व्यवहार थांबवले आणि त्या दिवशीचे सौदे रद्दही केले. निकेल जास्त असलेल्या बॅटरीत, आपल्या आकाराला, ते तीन-चारशे ग्रॅम असतं. त्या एका दिवसाच्या भावाने हिशेब केला तर तीस-चाळीस डॉलर, एरवी सात-आठ. एका दिवसाच्या उसळीवरून कुणी गाडीची किंमत वाढवत असेल, तर तिथे प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

ॲल्युमिनियम मार्च २०२२ मध्ये टनाला चार हजार डॉलरच्या थोडं वर गेलं आणि वर्षभराने २३००च्या घरात आलं. पाच किलोंवर हा फरक आठ-नऊ डॉलरचा. हा धातू वीज खातो, एका टनाला १३ ते १५ हजार युनिट. म्हणून त्याचा भाव खाणीपेक्षा वीजदराकडे जास्त बघतो. तांब्याने मे २०२४ मध्ये टनाला ११ हजार डॉलर ओलांडले. त्या भावानेही मोटरमधलं सगळं तांबं अकरा डॉलरच्या आत बसतं.

पायरी ३: मग किंमत एवढी का वाढते, ते पाहा

खाणीतून निघालेला माल शुद्धीकरण, कॅथोड (सेलचं धन टोक), सेल, बॅटरी पॅक, जोडणी कारखाना, घाऊक विक्रेता आणि दुकान असा प्रवास करतो. यातले बरेचजण आपला नफा टक्क्यांत लावतात. समजा सेलच्या पातळीवर खर्च २० डॉलरने वाढला आणि पुढच्या तिघांनी प्रत्येकी २५ टक्के लावले, तर दुकानात तो ३९ डॉलर होतो. यात कुणी लबाडी केलेली नाही, टक्केवारीचं गणितच तसं चालतं.

दुसरं कारण वाहतूक, आणि ते लोक सहसा विसरतात. सप्टेंबर २०२१ मध्ये ४० फुटी कंटेनरचं सरासरी समुद्री भाडं दहा हजार डॉलरच्या वर गेलं होतं. महामारीपूर्वी ते दीड हजारांच्या आसपास होतं. एका कंटेनरमध्ये दोनशे गाड्या धरल्या तरी गाडीमागे चाळीस डॉलरहून अधिक वाढ झाली. लिथियमच्या चढउतारापेक्षा ही दुप्पट! त्यात लिथियम बॅटरी धोकादायक मालाच्या नवव्या वर्गात मोडते, त्यामुळे तिचं पॅकिंग आणि कागदपत्रं यांचा खर्च वेगळा. चलनाचा दर हे तिसरं कारण. धातू डॉलरमध्ये विकला जातो, गाडी स्थानिक चलनात.

याउलट, वाढ मध्येच जिरतेसुद्धा. ब्लूमबर्ग एनईएफ या ऊर्जाक्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या वार्षिक पाहणीत २०१० पासून लिथियम बॅटरी पॅकची सरासरी किंमत सतत उतरत होती. २०२२ मध्ये ती पहिल्यांदा वाढली, सुमारे ७ टक्क्यांनी, आणि किलोवॉट-अवरला १५१ डॉलर झाली. आधीच्या दोन वर्षांत लिथियम मात्र दहापटीहून जास्त महागलं होतं. २०२४ मध्ये पॅक ११५ डॉलरवर आले. हे आकडे मुख्यतः मोठ्या बॅटऱ्यांचे आहेत, ई-बाइकचा छोटा पॅक याहून महागच पडतो. पण धातूची वाढ आणि पॅकची वाढ यांत केवढं अंतर असतं, ते यावरून कळतं.

पायरी ४: बातमी आणि दुकान यांतला काळ ओळखा

कारखाने सेल आणि मोटरची मागणी बरेच महिने आधी नोंदवतात. आज दुकानात उभी असलेली गाडी जुन्या भावाच्या मालातून बनलेली असते. म्हणून "कालच लिथियम वाढलं" म्हणून आज किंमत वाढली, हे कारण सहसा टिकत नाही. गाडी कोणत्या महिन्यात बनली ते विचारा. चौकटीवरची किंवा बॅटरीवरची तारीख पाहा.

भाव उतरतानाही हेच होतं. महाग घेतलेला साठा संपेपर्यंत दुकानदार किंमत खाली आणत नाही. अपवाद म्हणजे साठा तुंबतो तेव्हा. महामारीत मागणी फुगली, कारखान्यांनी भरमसाट मागण्या नोंदवल्या आणि २०२३ मध्ये अनेक देशांत गोदामं भरून राहिली. तेव्हा सवलती मिळाल्या त्या साठ्यामुळे. म्हणून भाव उतरायची वाट पाहायची असेल, तर धातूच्या आलेखापेक्षा दुकानातल्या साठ्यावर नजर ठेवा.

पायरी ५: पोटातली काटछाट शोधा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. खर्च वाढला आणि किंमत वाढवायची नसेल, तर कारखान्यासमोर एक सोपा मार्ग असतो: नाव तेच, रंग तोच, आतला माल हलका. ग्राहकाला हे महिन्याभरात कळत नाही. दुसऱ्या वर्षी कळतं.

सुरुवात बॅटरीपासून करा. फक्त व्होल्ट किंवा फक्त अँपिअर-अवर सांगितले तर थांबा आणि दोन्हींचा गुणाकार करा. ३६ व्होल्ट गुणिले १४ अँपिअर-अवर म्हणजे ५०४ वॉट-अवर. ४८ व्होल्ट गुणिले १० म्हणजे ४८०. ४८ मोठं दिसतं, पण साठवलेली ऊर्जा कमी. गेल्या वर्षीच्या त्याच मॉडेलचा गुणाकार काढून शेजारी ठेवा, काटछाट तिथेच उघडी पडते.

मग बॅटरी काट्यावर ठेवा. वॉट-अवरला किलोने भागा. चांगल्या पॅकचं उत्तर १६० ते २०० च्या आसपास येतं. २२० च्या पुढे गेलं तर खुलासा मागा. २५०च्या पुढे गेलं तर लिहिलेल्या क्षमतेवर विश्वास ठेवू नका, कारण कवच, तारा आणि सर्किट सोडून नुसते चांगले सेलही साधारण तेवढंच देतात. आणखी एक ताळा आहे. १८६५० आकाराचा एक सेल १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब आणि जास्तीत जास्त साडेतीन अँपिअर-अवरच्या आसपास. ३६ व्होल्टसाठी असे दहा सेल ओळीत लागतात. चाळीस सेलच्या पॅकमध्ये चार ओळी, म्हणजे कमाल १४ अँपिअर-अवर. त्यावर २० लिहिलं असेल तर ते खोटं आहे.

सेल कोणत्या कंपनीचे, हे लेखी मागा. बीएमएस, म्हणजे बॅटरीवर पहारा ठेवणारं सर्किट, तापमान मोजतं का आणि सेल समतोल, म्हणजे सारखे भरलेले, ठेवतं का, हेही विचारा. या सर्किटमध्ये वाचवलेले दोन पैसे आगीच्या रूपाने परत येऊ शकतात. ही भीती घालायची म्हणून म्हणत नाही, मला ते मनापासून वाटतं. युएल २२७१ हे बॅटरीचं, युएल २८४९ हे संपूर्ण विद्युत यंत्रणेचं आणि ईएन १५१९४ हे युरोपातलं पेडल-सहाय्य सायकलींचं मानक आहे. नुसतं "मानकानुसार" छापलेलं पुरेसं नाही, प्रमाणपत्राची प्रत मागा.

मोटरमधली काटछाट दिसत नाही, ती जाणवते. निओडिमियम चुंबकांच्या प्रती, म्हणजे दर्जे, असतात. साधी प्रत साधारण ८० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते, वरच्या प्रती १२० किंवा १५० पर्यंत. वरच्या प्रतींसाठी बहुधा डिस्प्रोसियम किंवा टर्बियम मिसळतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने या दोघांसह सात दुर्मिळ मृदा धातूंच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला, तेव्हा मोटर बनवणाऱ्यांची धावपळ झाली ती यामुळेच. हलक्या प्रतीचं चुंबक जास्त तापलं की आपली शक्ती कायमची गमावतं. म्हणून चाचणी सपाट रस्त्यावर घेऊ नका. लांब चढ निवडा, दहा-पंधरा मिनिटं ओझ्यासह चढवा आणि मोटरची ताकद मध्येच ओसरते का ते पाहा. थांबल्यावर कवचाजवळ हात न्या, लगेच टेकवू नका, चटका बसेल. कागदावर कमाल वॉट नव्हे, सलग चालणारे वॉट विचारा.

तारा पातळ झाल्या असतील तर याच चढानंतर कंट्रोलरजवळची, म्हणजे मोटरला वीज सोडणाऱ्या सर्किटजवळची, जोडणी गरम लागते. ब्रेक, स्पोक, टायर यांतली घसरण कोणताही सायकल मिस्त्री दोन मिनिटांत सांगतो. त्याला सोबत न्या.

पायरी ६: रसायन आपल्या वापरावर ठरवा

निकेल आणि कोबाल्ट महागले की लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, बॅटरीकडे कल वाढतो. तिच्यात हे दोन्ही धातू नसतात. कोबाल्टचं तर सुमारे ७० टक्के खाणकाम एकट्या कांगो लोकशाही प्रजासत्ताकात होतं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या देशाने निर्यातच थांबवली होती. एका देशाच्या निर्णयावर किती अवलंबून राहायचं, हा प्रश्न कारखान्यांना पडणं साहजिक आहे.

एलएफपी तेवढ्याच ऊर्जेला जड पडते, पण जास्त चार्जिंग-फेऱ्या टिकते आणि उष्णता अधिक सहन करते. रोज ठरावीक अंतर, सामान वाहून नेणारी गाडी, तळमजल्यावर चार्जिंग, असं असेल तर मी एलएफपीच सुचवेन. बॅटरी काढून जिने चढायचे असतील तर निकेलवाली बरी.

पायरी ७: गाडीसोबत दुसऱ्या बॅटरीचीही किंमत विचारा

बॅटरी हा गाडीचा सर्वात महाग आणि आधी संपणारा भाग. नवी बॅटरी आज कितीला मिळते आणि पाच वर्षांनी मिळेल का, हे खरेदीआधी विचारा. उत्तर टाळलं गेलं तर ती स्वस्त गाडी स्वस्त नाही. बजेट ताणायचंच असेल तर ते बॅटरीवर ताणा. डिस्प्ले, ॲप, रंग यांवर तडजोड चालते.

तुम्ही स्वतः गाड्या जोडून विकत असाल, तर दरपत्रकावर मुदत लिहा आणि पुरवठादाराशी करार करताना भाव धातूच्या जाहीर निर्देशांकाशी जोडा, दोन्ही दिशांनी. शक्यतो सर्रास मिळणारे सेलचे आकार वापरा. किंमत वाढवावी लागली तर कारण आणि आकडा ग्राहकाला सांगून वाढवा.

पायरी ८: भाव चढे असतील तर आहे ती बॅटरी टिकवा

गाडी आधीच असेल, तर महागाईच्या काळात सर्वात मोठी बचत इथे आहे. रोज शंभर टक्के भरायची गरज नसेल तर ८०वर थांबवा, आणि अगदी तळाला जाऊ देऊ नका. लांब पल्ल्याच्या आदल्या रात्री मात्र पूर्ण भरा, काही पॅक तेव्हाच सेल समतोल करतात. महिनाभर गाडी चालणार नसेल तर अर्ध्याच्या आसपास चार्ज ठेवून थंड, कोरड्या जागी ठेवा. शून्य अंशाखाली चार्ज करू नका, सेलच्या आत लिथियम धातूचा थर साचतो आणि तो परत जात नाही. उन्हातून आल्यावर बॅटरी हाताला कोमट लागेपर्यंत थांबा, मग चार्जर लावा. चार्जर मूळचाच वापरा. फुगलेली, पडून पिचलेली किंवा पाणी शिरलेली बॅटरी घरात चार्ज करू नका, तिला जपून बाहेर ठेवा आणि बॅटरी परत घेणाऱ्या केंद्राकडे सोपवा.