झाकण मिटायच्या आधी: सस्पेंडनंतर नेटवर्क कार्ड बंद पडत असेल तर काय तयार ठेवायचं

लॅपटॉपचं झाकण मिटलं, अर्ध्या तासाने उघडलं, स्क्रीन आली, पासवर्ड घेतला, आणि नेट नाही. लिनक्सवर हे होतं, काहींना रोज होतं. मला वायरच्या कार्डावर व्हायचं, दर तिसऱ्या-चौथ्या सस्पेंडला (म्हणजे मशीन झोपवलं की). पहिल्या खेपेला मी तीन संध्याकाळी त्याच्यामागे घातल्या, लॉग (मशीनने लिहून ठेवलेल्या नोंदी) काढले, नीट रिपोर्ट लिहून ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांना पाठवला, आणि उत्तरात एकच प्रश्न आला की कार्ड चांगलं चालतं तेव्हा ह्याच कमांडी काय दाखवतात? माझ्याकडे नव्हतं. जे होतं ते सगळं बिघडल्यानंतरचं. मग आता काढू म्हटलं तर मधल्या काळात मी बायोस (मशीनचं मुळातलं फर्मवेअर) अपडेट करून बसलेले, कर्नल (लिनक्सचा गाभा) नवा आलेला, जुना ऑटोरिमूव्हने (नको असलेली पॅकेजं काढणारी कमांड) उडवलेला, आणि बग आता दहातून एकदा, तोही वेगळ्याच तऱ्हेने. रिपोर्ट तिथेच मेला. चूक पूर्ण माझी.

तर यादी. कमांडी मी बोलते तशा लिहिल्यात, टर्मिनलमध्ये अर्थात रोमनमध्ये टाइप करायच्या.

सगळ्यात आधी, बाकी काही नाही केलं तरी हे करा: कार्ड धडधाकट असताना सगळ्याची नोंद. दोन फोल्डर करा, एकाचं नाव 'आधी', दुसऱ्याचं 'नंतर', आणि 'आधी' भरल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. त्यात एलएसपीसीआय (मशीनमधल्या कार्डांची यादी) तीन व्ही आणि दोन एन लावून, डीमेसेज (कर्नलचा लॉग) पूर्ण, एलएसमॉड (लोड असलेले ड्रायव्हर), आयपी लिंक, ईथटूल -आय (ड्रायव्हर कुठला आणि फर्मवेअरचं व्हर्जन काय ते ह्यात येतं), प्रॉक फोल्डरातली इंटरप्ट्सची (कार्डांनी सीपीयूला मारलेल्या हाकांची) फाइल, कर्नलला बूटच्या वेळी दिलेली कमांडलाइन, आणि युनेम -आर (कर्नलचं व्हर्जन). दोन मिनिटांचं काम आहे. मी ते केलं नाही आणि तीन संध्याकाळी पाण्यात गेल्या.

आणि सुडो लावून, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने. हा फजितीचा भाग दोन. पुढच्या वेळी मला बेसलाइन (म्हणजे ही 'आधी'ची नोंद) घ्यायचं आठवलं, मोठ्या ऐटीत घेतली, पण सुडो न लावता. सुडो नसेल तरी एलएसपीसीआय कुरकुर न करता चालतं, पानभर ओळी येतात, आपण खूश, आणि नंतर बघावं तर कॅपेबिलिटीज (कार्डाच्या सोयी आणि त्यांची स्थिती) असायला हव्यात तिथे 'ॲक्सेस डिनाइड' एवढंच. नेमकी तीच माहिती तर हवी असते, कारण एमएसआय (इंटरप्ट पाठवायची पद्धत) चालू की बंद, एएसपीएम (कार्डाच्या लिंकची वीजबचत) कुठल्या लेव्हलला, कार्ड डी०मध्ये (जागं) आहे की डी३मध्ये (झोपलेलं), हे सगळं तिथेच लिहिलेलं असतं. बऱ्याच डिस्ट्रोंवर डीमेसेजलाही आता सुडो लागतंच. फाइल सेव्ह केल्यावर एकदा उघडून बघा, 'डिनाइड' शोधा, सापडलं तर परत घ्या.

बेसलाइन घ्यायची ती थंड बूटनंतर. रीस्टार्ट नाही, शटडाऊन, चार्जर काढा, वायर काढा, मिनिटभर थांबा, मग चालू. वेक-ऑन-लॅन (नेटवरून मशीन चालू करायची सोय) चालू असेल तर मशीन बंद असतानाही कार्डाला थोडी वीज मिळत राहते, म्हणजे नुसत्या रीस्टार्टने कार्डाच्या डोक्यातला गोंधळ जाईलच असं नाही. ड्युअल बूट (त्याच मशीनवर विंडोजही) असेल तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, ते कार्डाला अर्धवट अवस्थेत सोडून जातं आणि मग आपण लिनक्सला शिव्या घालत बसतो.

दुसरं नेट हाताशी ठेवा. फोनचं यूएसबी टेदरिंग एकदा लावून बघा चालतं का. पुढे जाऊ.

लॉग रीबूटनंतर टिकतोय ना हे आजच बघा. जर्नलसीटीएल -के -बी -१ दिलं की मागच्या बूटचा कर्नल लॉग दिसायला हवा. नाही दिसला तर जर्नल (सिस्टमचा लॉग) नुसतं रॅममध्ये लिहिलं जातंय, व्हारमधल्या लॉग फोल्डरात जर्नल नावाचं फोल्डर बनवा आणि रीबूट करा. मशीन पूर्ण गोठलं तर रीबूटशिवाय इलाज नसतो आणि लॉग टिकणारा नसेल तर पुरावा त्याच्याबरोबर गेला.

जुना कर्नल ठेवा. ऑटोरिमूव्ह चालवू नका. अमुक व्हर्जनपर्यंत चालत होतं असं छातीठोक सांगायचं तर ते व्हर्जन बूट करून दाखवता आलं पाहिजे, आणि त्या जुन्या कर्नलवरचीही 'आधी' घ्यायची, हो, परत, सुडो लावून. बायोस अपडेट करायचा मोह आवरा, निदान बेसलाइन होईपर्यंत तरी.

आता ड्रायव्हरला दोष द्यायच्या आधी थोडी लाज राखा. आरएफकिल लिस्ट बघा, झाकण मिटताना विमानाचं (वायरलेस बंद करणारं) बटण दाबलं गेलेलं असू शकतं. एनएमसीएलआय जनरल बघा, तिथे 'अस्लीप' दिसलं तर नेटवर्कमॅनेजर (नेट जोडून देणारा प्रोग्राम) झोपेतून उठलाच नाहीये आणि कर्नल बिचारा निर्दोष आहे, एनएमसीएलआय नेटवर्किंग ऑन करा आणि ह्या लेखातून सुटा. कंपनीचा वेगळा ड्रायव्हर डीकेएमएसने (कर्नलबाहेरचे ड्रायव्हर बिल्ड करणारं साधन) टाकला असेल (आर८१६९च्या जागी आर८१६८ टाकणारे खूप आहेत) तर आधी तो काढून कर्नलमधल्या ड्रायव्हरवर बग येतो का बघा, कारण बाहेरच्या मॉड्यूलमुळे कर्नल 'टेंटेड' (डागाळलेला) होतो आणि मग कोणी मनावर घेत नाही. ड्रायव्हर बदललात की बेसलाइन नवी. जुनी त्याला चालणार नाही.

सस्पेंड कुठला होतोय तेही माहीत पाहिजे. सिस फोल्डरात (कर्नल आपली सेटिंग्ज तिथे दाखवतो) पॉवरखाली मेम_स्लीप नावाची फाइल आहे, ती कॅट केली (वाचली) की एस२आयडल आणि डीप दिसतात, चौकटी कंसात आहे तो चालू. डीप म्हणजे जुना एस३, त्यात मशीनचं फर्मवेअर बहुतेक सगळ्याची वीज तोडतं. एस२आयडलमध्ये कर्नल स्वतःच एकेक डिव्हाइस झोपवतो आणि सीपीयू नुसता पडून राहतो. बऱ्याच नव्या लॅपटॉपांत डीप नसतोच. दोन्ही असतील तर दोन्हींवर करून बघा, एकावर येतो आणि दुसऱ्यावर नाही हीच अर्धी माहिती झाली. ही फाइलसुद्धा 'आधी'मध्ये टाका.

झाकण उघड-मीट करत बसू नका, मी केलं, बिजागरी कुरकुरायला लागली. आरटीसीवेक -एम मेम -एस ३० दिलं की मशीन झोपतं आणि तीस सेकंदांनी आपोआप उठतं, वीस वेळा लूपमध्ये टाका आणि भाजी चिरायला घ्या. पण ह्यात एक खोच आहे जी मला उशिरा कळली. आरटीसीवेक असं चालवलं की ते थेट कर्नलला सांगतं, सिस्टमडीला (बाकीचे प्रोग्राम सांभाळणारा) मध्ये घेत नाही, म्हणजे नेटवर्कमॅनेजरला झोपायचा निरोप जात नाही आणि सस्पेंडच्या वेळी चालणाऱ्या स्क्रिप्टाही चालत नाहीत. त्यामुळे झाकण मिटून बग येतो पण आरटीसीवेकने वीस वेळात एकदाही येत नाही असं झालं तर संशय वरच्या मंडळींवर (सिस्टमडी, नेटवर्कमॅनेजर) घ्या, ड्रायव्हरवर नाही. सिस्टमडीसकट तपासायचं तर आरटीसीवेकला -एम नो द्या, त्याने नुसता गजर लागतो, आणि मग लगेच सिस्टमसीटीएल सस्पेंड. लूप सुरू करायच्या आधी 'आधी' फोल्डर बघा. रिकामं आहे? मग लूप नाही.

बग आला की हात मागे घ्या. माझा भाऊ शेजारून म्हणतो, ताई, रीस्टार्ट कर ना. नाही करायचं. मोडप्रोबही (ड्रायव्हर काढायची-लावायची कमांड) नाही, केबल काढून लावणंही नाही. आधी त्याच कमांडी, त्याच क्रमाने, सुडो लावून, 'नंतर'मध्ये. मग डिफ, म्हणजे दोन्हींतला फरक. आणि इथे कळतं की मी इतकी का ओरडतेय. 'नंतर'मध्ये बसमास्टरपुढे (कार्डाला स्वतः मेमरी वापरायची परवानगी) वजा चिन्ह आहे, म्हणजे ते बंद, एमएसआय एनेबलपुढे वजा आहे, एएसपीएम डिसेबल्ड आहे. हे बिघडल्याचं लक्षण की हे पहिल्यापासून असंच होतं? 'आधी' नसेल तर देवालाही सांगता येणार नाही. माझ्या बाबतीत मी एएसपीएमच्या एका ओळीवर अख्खी एक संध्याकाळ घालवली, नंतर थंड बूट करून बघितलं तर ती ओळ नेहमीच तशी होती.

एलएसपीसीआयमध्ये 'रेव्ह एफएफ' आणि 'अननोन हेडर टाइप ७एफ' दिसलं तर प्रकार वेगळा. पीसीआयईवर (कार्ड जिला जोडलेलं असतं ती बस) समोरून कोणी उत्तरच दिलं नाही की वाचणाऱ्याच्या हाती सगळे बिट १ येतात, म्हणून जिथे तिथे एफएफ. म्हणजे कार्ड बसवर नाहीच आहे, वीज परत आली नाही किंवा लिंक उठली नाही. डीमेसेजमध्ये डी३कोल्डमधून (वीज पूर्ण तोडलेली अवस्था) डी०मध्ये आणता येत नाही अशी ओळही बहुधा जोडीला असते. ह्यावर नेटवर्क ड्रायव्हर रीलोड करून उपयोग नाही, घरात कोणी नाही आणि आपण बेल वाजवतोय. सिसमध्ये त्या कार्डाच्या फोल्डरात डी३कोल्ड_अलाउड आहे, त्यात ० टाकून परत सस्पेंड करून बघा.

दुसरा प्रकार जास्त फसवा. कार्ड दिसतं, लिंक अप, दिवा लुकलुकतोय, पण पिंग जात नाही, आणि थोड्या वेळाने डीमेसेजमध्ये नेटडेव्ह वॉचडॉग येतो की ट्रान्समिट क्यू टाइम आउट. तेव्हा इंटरप्ट्सच्या फाइलमधली कार्डाची ओळ बघा, पाच सेकंदांनी परत बघा. आकडा हलत नसेल तर एकतर कार्ड हाक मारत नाहीये किंवा हाक सीपीयूपर्यंत पोचत नाहीये. आणि आधी कुठल्या नंबरवर होती ती ओळ? एमएसआय होतं की एमएसआय-एक्स? 'आधी'त बघा. आहे ना 'आधी'?

वायफायवर आयडब्ल्यूएलवायफाय (इंटेलचा ड्रायव्हर) असेल तर 'मायक्रोकोड एसडब्ल्यू एरर' शोधा, तो फर्मवेअर पडल्याचा निरोप, त्याच्याखालचा आकड्यांचा ढीग पूर्ण कॉपी करा, नुसत्या वरच्या दोन ओळी नको.

बिघाड कुठल्या टप्प्यावर होतो ते शोधायला सिसच्या पॉवरमध्ये पीएम_टेस्ट आहे, असेल तुमच्या कर्नलमध्ये तर. त्यात 'डिव्हाइसेस' लिहून सस्पेंड केलं की डिव्हाइस झोपतात, पाच सेकंद जातात, आणि सगळं परत उठतं, मशीन खरं झोपतच नाही. ह्यातच नेट मेलं तर ड्रायव्हरचा झोपा-उठायचा कोड बघायचा. नाही मेलं तर फर्मवेअर आणि वीज तोडण्याच्या बाजूला जायचं. झाल्यावर परत 'नन' लिहायला विसरू नका, नाहीतर मशीन झोपतच नाही आणि रात्रभर बॅगेत तापतं. पीएम_ट्रेस नावाचंही एक आहे, मशीन उठतच नसेल तेव्हाचं, ते खुणा घड्याळाच्या चिपमध्ये लिहितं म्हणून तारीख-वेळ पार बिघडते. गरज नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

तात्पुरते उपाय पटापट. मोडप्रोब -आर करून परत लावा, आयडब्ल्यूएलवायफाय 'इन यूज' म्हणून निघत नसेल तर आधी आयडब्ल्यूएलएमव्हीएम काढा. त्याने नाही झालं तर सिसमधून कार्ड रिमूव्ह आणि मग पीसीआय रीस्कॅन. चाललं की तेच सिस्टमडीच्या सिस्टम-स्लीप फोल्डरात स्क्रिप्ट करून टाका, प्री (झोपायच्या आधी) आला की काढायचं, पोस्ट (उठल्यावर) आला की लावायचं, आणि स्क्रिप्टला एक्झिक्युट परवानगी द्या. पीसीआयई_एएसपीएम=ऑफ करून बघायचं तर एकटंच करा, चार पॅरामीटर एकदम घातले की कशाने बरं झालं ते कळत नाही.

रिग्रेशन (आधी चालत होतं, नव्या कर्नलमध्ये मोडलं) असेल तर गिट बाइसेक्ट, म्हणजे मधले बदल निम्मे-निम्मे करत दोषी शोधायचा. एका रिलीजमध्ये दहा हजारांच्या वर कमिट (एकेक बदल) असतात म्हणजे तेरा-चौदा बिल्ड, शनिवार-रविवार गेला. मेक लोकलमॉडकॉन्फिगने बिल्ड लहान होतो पण तो आत्ता लोड असलेली मॉड्यूलंच घेतो, तेव्हा वैतागून काढलेला ड्रायव्हर आधी परत लावा, नाहीतर तोच बिल्ड होणार नाही. आणि दर पायरीला सस्पेंड एकदाच नाही, दहा वेळा, कारण बग दर चौथ्या खेपेला येत असेल तर एकदा न येणं म्हणजे काहीच नाही.

रिपोर्ट साध्या टेक्स्टमध्ये. कोणाला पाठवायचा ते कर्नलच्या सोर्समधली गेट_मेंटेनर स्क्रिप्ट सांगते. मॅक ॲड्रेस आणि वायफायची नावं लॉगमधून खोडा. दोन्ही फोल्डर जोडा. 'आधी' पहिलं.