क्रूझवर जेवायची वेळ कशी निवडायची: पहिली पंगत, दुसरी पंगत की जाऊ तेव्हा?

हल्ली कोल्हापुरातनं क्रूझला जाणारे बरेच झालेत, कोण मुंबई-गोवा करतंय, कोण सिंगापूरला जातंय, आणि बुकिंग झालं की माझ्याकडं एक फोन हमखास येतो, वहिनी ते डिनरचं विचारलंय त्यात काय टिक करू? म्हणजे बॅगेत काय भरायचं, डॉलर किती न्यायचे, वायफाय घ्यायचं का, हे सगळं विचारून झाल्यावर सगळ्यात शेवटी हा प्रश्न. खरं तर हा आधी विचारायला पाहिजे, कारण रोज रात्री किती वाजता, कुठल्या टेबलवर आणि कुणाच्या शेजारी बसून जेवणार ते सगळं तिथं ठरतं.

आमच्या वेळी एजंटनं आम्हाला न विचारताच टिक करून टाकलं होतं. सासू-सासरे, दीर-जाऊ, पोरं धरून नऊ जण, सिंगापूरहून निघणारी बोट, आणि पहिल्याच दिवशी कार्डावर बघतोय तर डिनर संध्याकाळी साडेपाच! मला वाटलं चुकून छापलंय. गेलो तर खरंच पांढरी टेबलक्लॉथं, तीन-तीन काटे-चमचे, वेटर खुर्ची ओढून बसवतोय, आणि बाहेर लख्ख ऊन. मामा (म्हणजे सासरे) खिडकीतनं बाहेर बघून म्हणाले, "आत्ता च्याची वेळ, जेवान कसलं?" आणि आत्तींनी (म्हणजे सासूबाईंनी) तर मेनू कार्ड उघडलंच नाही, "मी काय खात न्हाई, मी आपला च्या घेतो" म्हणून बसल्या. बिचाऱ्या वेटरनं खरंच चहा आणून दिला. बाकीच्यांनी सूप, त्यावर थोडा पास्ता असं काहीतरी चिवडलं आणि रात्री साडेनवाला सगळी वरात वर बफेकडं.

तर आधी प्रकार काय ते समजून घ्या. बोटीवर एक मोठी मेन डायनिंग रूम असते, तिचं जेवण तिकिटातच धरलेलं असतं. तिथं फिक्स सीटिंग म्हणजे आपली लग्नातली पंगत. पहिली पंगत साधारण साडेपाच-सहाला, दुसरी आठ-साडेआठला, टेबल नंबर ठरलेला, रोज तेच टेबल, तेच वेटर, आणि मोठं टेबल असेल तर शेजारी तीच माणसं. फ्लेक्सिबल म्हणजे आपण रविवारी मिसळ खायला जातो तसं, जायचं, किती जण आहोत ते सांगायचं, टेबल रिकामं असलं तर लगेच नाहीतर थांबायचं. फरक इतकाच की बोटीवर ॲपवरनं वेळ आधी बुक करता येते, मिसळवाल्याकडं ती सोय नाही.

नावं कंपनीगणिक वेगळी असतात त्यामुळं गोंधळ होतो. रॉयल कॅरिबियनवाले फिक्सला ट्रॅडिशनल म्हणतात आणि दुसऱ्याला माय टाइम, कार्निव्हलवाले युवर टाइम म्हणतात, नॉर्वेजियनवर तर फिक्स प्रकारच नाही, सगळंच मोकळं. एमएससी आणि कोस्टा या इटालियन वळणाच्या कंपन्या, तिथं जास्त करून दोन पंगतीच. डिस्नेचं अजून तिसरंच, वेळ फिक्स पण हॉटेल रोज बदलतं आणि वेटर मात्र तुमच्याबरोबर फिरतात, पोरांना हे लई आवडतं.

आता निवडायचं कसं. सगळे सांगतात की बाबा तुम्ही शिस्तीचे असाल तर फिक्स घ्या, मनमौजी असाल तर फ्लेक्सिबल. माझं म्हणणं वेगळंय, तुमचा स्वभाव राहू दे बाजूला, आधी बोट कुठनं निघतीय ते बघा. कारण पोटाला कोल्हापूरचंच घड्याळ माहीत असतं आणि ते दोन-तीन दिवस तरी बदलत नाही.

सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढं. म्हणजे तिथले साडेपाच म्हणजे आपले दुपारचे तीन, कुणाला भूक लागणाराय? दुसरी पंगत सव्वाआठची धरली तरी आपले पावणेसहाच होतात, म्हणजे दुसरी पंगत सुद्धा आपल्याला लवकरच आहे. म्हणून सिंगापूरहून जाणार असाल तर डोळे झाकून दुसरी पंगत घ्या किंवा फ्लेक्सिबल घेऊन आठनंतरची वेळ धरा. पहिली घेतली की आमच्यासारखं होतं.

युरोपला नेमकं उलटं. उन्हाळ्यात बार्सिलोना, रोमकडची बोट असेल तर तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असतं. तिथले सहा म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ, घरी आपण जेवतो तीच वेळ! आणि दुसरी पंगत साडेआठची असेल तर आपले बारा वाजलेले असतात, तीन कोर्सचं जेवण संपेस्तोवर दीड, म्हातारी माणसं टेबलवरच पेंगतात. तिकडं पहिली पंगतच घ्या. बाहेर ऊन असणार, असू दे. मुंबईहून गोवा-लक्षद्वीपकडं जाणाऱ्या बोटीला हा घड्याळाचा प्रश्नच नाही, आणि दोन-तीन रात्रींसाठी एवढं डोकं लावायचीही गरज नाही.

एक गोष्ट खास आपल्याकडच्या लोकांसाठी. आमच्या शेजारचं जैन कुटुंब आहे, सूर्यास्ताच्या आत जेवणारं. त्यांना मी सिंगापूरलासुद्धा पहिलीच पंगत घ्यायला सांगितली कारण तिकडं बारा महिने सूर्य सातच्या आसपास मावळतो, दुसरी पंगत त्यांच्या कामाची नाही. आणि फक्त व्हेज लिहून भागत नाही, जैन म्हणजे कांदा, लसूण, बटाटा नाही असं फोडून लिहायचं आणि ते बुकिंगच्या वेळीच, निदान दीड-दोन महिने आधी कळवायचं, बोटीवर चढून सांगितलं तर करतात पण मग पहिले दोन दिवस नुसत्या सॅलडवर जातात.

आता बरोबर कोण आहे ते बघा. दोघंच नवराबायको असाल तर फ्लेक्सिबल, दोघांचं टेबल पटकन मिळतं आणि फिक्समध्ये दोघांचं टेबल मिळेलच असं नाही, आठ जणांच्या टेबलवर अनोळखी लोकांत बसवलं तर रोज रात्री इंग्रजीत गप्पा माराव्या लागतात. काहींना ते आवडतं पण. माझी एक मैत्रीण तशीच बसली आणि अजून त्या लोकांशी तिचं दिवाळीला बोलणं होतं.

घरातली आठ-दहा जणं असाल तर मात्र फिक्स. नऊ जणांचं टेबल आयत्या वेळी मागायला गेलात तर एकतर पाऊण तास उभं करतील नाहीतर पाच इथं, चार तिथं बसवतील, आणि मग आत्ती एका टेबलवर, जाऊबाई दुसऱ्यावर, म्हणजे एकत्र गेलो कशाला. इथं एक काम विसरू नका, चार केबिन म्हणजे चार बुकिंग असतील तर ती एकमेकांना लिंक करायला सांगा आणि चारही ठिकाणी एकच पंगत टाका. नाहीतर एक खोली पहिल्या पंगतीला आणि दुसरी दुसऱ्या पंगतीला असं खरंच होतं.

लहान पोरं असतील तर वरचा घड्याळाचा हिशोब आधी आणि मग पोरांच्या झोपेचा. दीड तास पोरं टेबलवर बसत नाहीत, वेटरला पहिल्याच दिवशी सांगा की पोरांचं आधी आणा, ते बरोबर आणतात.

फिक्सची खरी मजा वेटरमध्ये आहे आणि हे कुठल्या फॉर्मवर लिहिलेलं नसतं. आमचा वेटर इंडोनेशियाचा होता. पहिल्या दिवशी मामांनी हिरवी मिरची मागितली, त्यानं टबॅस्को सॉसची बाटली आणली. मामांनी दोन थेंब जिभेवर टाकून बघितले आणि बाटली परत सरकवली, "हे आंबट हाय". मग मी हातानं दाखवलं, तो आत गेला आणि बशीत तीन मिरच्या उभ्या चिरून घेऊन आला. दुसऱ्या दिवशी आम्ही जाऊन बसायच्या आधीच मामांच्या खुर्चीसमोर बशी मांडलेली, मिरच्या, लिंबाच्या फोडी, कच्च्या कांद्याच्या चकत्या आणि बाजूला मीठ. मामा इतके खुश की त्या दिवशी भर दुपारचं वाटणारं ते जेवण पण त्यांनी केलं. आणि त्याच दिवशी हेड वेटर येऊन विचारून गेला की उद्या डाळ-भात, भाजी करू का, कारण बोटीवर भारतीय आचारी होते. अशी एक दिवस आधी ऑर्डर बऱ्याच बोटींवर घेतात, मेनूत नसलं तरी, फक्त विचारावं लागतं. रोज नवा वेटर असला की रोज नव्यानं मिरची समजावून सांगा.

पण फ्लेक्सिबलमध्येही हे जमतं. पहिल्या दिवशीचा वेटर आवडला तर त्याचं नाव आणि टेबल नंबर विचारून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी दारात सांगायचं की त्याच्याच टेबलवर बसवा, थोडं थांबायची तयारी ठेवली तर देतात. आता मला कुणी विचारलं तर चार जणांपर्यंतच्या लोकांना मी हेच सांगते, वेळ मोकळी ठेवा आणि वेटर धरून ठेवा.

पोर्टचा दिवस, म्हणजे बोट बंदराला लागते तो, हा फिक्सवाल्यांचा घोटाळ्याचा दिवस. दिवसभर फुकेत किंवा पेनांग फिरून पाच वाजता परत आलात, अंघोळ, कपडे, आणि साडेपाचला टेबलवर, दमछाक होते. उशीर झाला तर पंधरा-वीस मिनिटांनी दार लावून घेणारेही आहेत. त्यात फुकेतचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागं, तेव्हा बोटीवर कुठलं घड्याळ चाललंय ते रोज सकाळी बघा, मोबाईलवर विश्वास ठेवू नका, तो किनाऱ्यावरचं नेटवर्क पकडून आपोआप बदलतो. अशा दिवशी डिनर सोडून बफेला गेलात तरी चालतं, कुणी रागवत नाही, फक्त आदल्या दिवशी वेटरला सांगून ठेवा म्हणजे तो वाट बघत बसत नाही.

शोचं टेन्शन घेऊ नका, थिएटरमध्ये रात्री बहुतेक दोन शो असतात आणि ते पंगती बघूनच लावलेले असतात, पहिल्या पंगतीवाल्यांना जेवल्यावर शो, दुसऱ्यांना शो बघून जेवण. फ्लेक्सिबल असेल तर मात्र हा मेळ तुम्हालाच घालायचाय. आणि सात ते साडेसातला फ्लेक्सिबलच्या दारात सगळ्यात मोठी रांग, एकतर सव्वासहाला जा नाहीतर आठनंतर.

टिपमध्ये आता फार फरक राहिला नाही, बऱ्याच कंपन्या माणशी रोजचे साधारण सोळा ते वीस डॉलर सरळ बिलाला लावतात, तुम्ही कुठंही जेवा, वर खुशीनं काय द्यायचं ते तुमचं.

आणि समजा चुकीचं टिक झालं, एजंटनं केलं किंवा हवी ती पंगत भरलीय, तर काय? आधी वेटलिस्टला नाव टाका, लोक शेवटी शेवटी बदलतात आणि जागा निघते. नाही निघाली तर बोटीवर चढल्या चढल्या, सामान खोलीत यायच्या आधी, डायनिंग रूमच्या दाराशी जायचं. पहिल्या दुपारी तिथं टेबल बदलून द्यायला माणूस बसलेला असतो, किती वाजता ते त्या दिवशीच्या पत्रकात किंवा ॲपवर बघा. रांग असते पण काम होतं. वाद घालायचा नाही, बरोबर म्हातारी माणसं आहेत, इतक्या लवकर जेवत नाहीत, एवढं सांगायचं. आम्ही हे दुसऱ्या दिवशी केलं म्हणून आम्हाला तिसऱ्या रात्रीपासून दुसरी पंगत मिळाली, आणि टेबल बदलल्यामुळं तो मिरचीवाला वेटर गेला. मामांनी नव्या वेटरला पहिल्याच दिवशी हातानं मिरची दाखवली.

जाताना लसणाची चटणी नेणार असाल तर दुकानातलं पॅकबंद पाकीट न्या, घरच्या डब्यातली बऱ्याच बोटींवर चढताना काढून घेतात. आमची अर्धा किलो गेली.